खानखोजे: वर्ध्याचे, नागपूरचे आणि तरीही परदेशी

मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत एक भित्तिचित्र आहे. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराचं. जेवणाच्या टेबलाभोवती माणसं जमली आहेत, लहान मुलं आहेत, आणि टेबलाच्या मुख्य जागी बसलेला सावळा माणूस भाकरीचा तुकडा मोडतोय. या माणसाचा चेहरा डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा असल्याचं सांगितलं जातं. जन्म वर्ध्याचा, पुढचं शिक्षण नागपूरचं, आणि मृत्यूही नागपुरातच, २२ जानेवारी १९६७ रोजी.

गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि मेक्सिकोतले शेतीशास्त्रज्ञ म्हणून ते आपल्याला थोडेफार माहीत असतात. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र फार कुणी सांगत नाही. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना घरी यायचं होतं. त्यासाठी त्यांना व्हिसा मागावा लागला, आणि स्वतंत्र भारताने तो आधी नाकारला.

ज्याला व्हिसा लागतो तो कायद्याच्या भाषेत परदेशी. खानखोजे अमेरिकेत परदेशी होते, इराणमध्ये होते, जर्मनीत होते, मेक्सिकोत होते आणि शेवटी स्वतःच्या विदर्भातही होते. जिथे जिथे ते गेले, तिथे पोलीस, गुप्तहेर किंवा व्हिसाचा कारकून त्यांच्या वाटेत उभाच होता.

आज तुमच्या ग्रुपमधलं कुणीतरी जर्मनीला मास्टर्स करायला निघालेलं असतं, कुणाचा दादा टेक्सासला असतो. शेजारच्या होस्टेलमध्ये आफ्रिकेतून किंवा नेपाळमधून आलेली मुलं राहतात. यांच्यापैकी कुणालाही एखाद्या रात्री पोलिसाने थांबवलं, तर तो काय करू शकतो आणि काय नाही? खानखोजेंचं आयुष्य बघताना या प्रश्नाचं बरंच उत्तर सापडतं.

टिळकांचा सल्ला

लहानपणी त्यांच्या कानावर १८५७च्या गोष्टी पडल्या होत्या आणि तरुणपणी लोकमान्य टिळकांचा प्रभाव होता. त्या काळात राजकारणात पडलेल्या पोराकडे पोलिसांचं लक्ष असायचंच. आणि पोलिसांच्या हातात हत्यारंही तशीच होती. १८१८चं एक जुनं बंगाल रेग्युलेशन होतं, ज्याखाली सरकार खटलाच न चालवता माणसाला उचलून दूर नेऊन ठेवू शकायचं. १९०७मध्ये लाला लजपतराय यांना असंच मंडालेला पाठवलं. पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन तेही मंडालेला गेले.

थोडक्यात, वर्ध्याचा तरुण स्वतःच्या गावात राहत होता, पण हक्कांच्या बाबतीत त्याची झोळी रिकामीच होती. तो प्रजा होता, नागरिक नव्हता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परदेशात जाऊन लष्करी शिक्षण घ्यावं, असा टिळकांचा सल्ला होता. १९०६च्या सुमारास खानखोजे निघाले. आधी जपान, तिथे चिनी क्रांतिकारकांच्या ओळखी झाल्या. मग पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्को.

धोब्याच्या दुकानातून आलेला हक्क

अमेरिकेत ते शेती शिकले. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत होते. मध्येच कॅलिफोर्नियातल्या माउंट तामालपाइस मिलिटरी अकॅडमीत दाखल होऊन लष्करी शिक्षणही घेतलं. सुट्टीत शेतांवर आणि कारखान्यांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना भेटायचे, स्वातंत्र्याच्या गोष्टी करायचे. १९१३मध्ये गदर पक्ष उभा राहिला, तेव्हा त्याच्या संस्थापकांमध्ये हा वैदर्भीय होता आणि लढाईची तयारी करणाऱ्या गटाचं काम त्यांच्याकडे होतं.

त्या अमेरिकेत आशियाई माणसाला मान होता असं बिलकुल समजू नका. कॅलिफोर्नियाने १९१३मध्येच असा कायदा केला की ज्यांना नागरिक होता येत नाही अशा परदेशी लोकांना शेतजमीन घेता येणार नाही. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ताच बंद केला.

तरीसुद्धा एक गोष्ट त्या देशात शिल्लक होती, आणि ती आली होती सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चिनी धोब्यामुळे. शहराने नियम काढला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी घ्या. शहरात बहुतेक लाँड्र्या लाकडी इमारतींत, आणि चालवणारे बहुतेक चिनी. दोनशेच्या आसपास चिनी अर्जदारांना नकार मिळाला, गोऱ्यांना जवळपास सगळ्यांना परवानगी. यिक वो नावाच्या लाँड्रीचा मालक दंड न भरता तुरुंगात गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. १८८६मध्ये निकाल लागला. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौदावी दुरुस्ती 'व्यक्ती' असा शब्द वापरते, म्हणून तिचं संरक्षण तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला आहे, तो नागरिक असो वा नसो, असं न्यायालयाने सांगितलं आणि त्याला सोडून दिलं.

एका शब्दावर सगळं उभं आहे. नागरिक म्हणजे कागदावरचा माणूस. व्यक्ती म्हणजे समोर उभा असलेला कुणीही.

याचा उपयोग कसा होत होता ते बघा. अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या भारतीयांवर नजर ठेवायला ब्रिटिशांचा एक माणूस होता, विल्यम हॉपकिन्सन. आधी कलकत्ता पोलिसात, नंतर व्हँकुव्हरला इमिग्रेशन खात्यात. हिंदी-पंजाबी येणारा. तो अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या माहितीच्या फायली तयार करायचा. पण अमेरिकेच्या जमिनीवर त्याला कुणालाही हात लावता येत नव्हता. त्यामुळे त्याचा खेळ एकच, अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कानाला लागायचं.

मार्च १९१४मध्ये गदरचे लाला हरदयाळ यांना अमेरिकन इमिग्रेशन खात्याने पकडलं. आरोप होता तो अराजकवादी असल्याचा, म्हणजे देशात राहू देण्याच्या लायकीचा नसल्याचा. पण पकडल्यावर काय झालं? चौकशी लागली, जामीन मिळाला, आणि हरदयाळ स्वित्झर्लंडला निघून गेले. भारतात हाच माणूस सापडला असता, तर जामिनाची गोष्टच सोडा.

पिंगळे आणि मार्सेलचा पोलीस

हे अतिशयोक्त वाटत असेल तर विष्णू गणेश पिंगळे यांचं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे. हेही अमेरिकेत शिकायला गेलेले, हेही गदरमध्ये. युद्ध सुरू झाल्यावर ते लढ्यासाठी भारतात परतले. मार्च १९१५मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले. त्याच महिन्यात सरकारने डिफेन्स ऑफ इंडिया कायदा केला होता. त्याखाली खास न्यायाधिकरण बसलं. ज्युरी नाही, अपील नाही. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला करतारसिंग सराभा आणि इतर साथीदारांबरोबर पिंगळे फासावर गेले.

एका मराठी विद्यार्थ्याला परक्या कॅलिफोर्नियात पोलिसांविरुद्ध जेवढं संरक्षण होतं, तेवढं स्वतःच्या देशात नव्हतं. खानखोजे जिवंत राहिले आणि पिंगळे गेले, यामागे नशीब होतं, वाट वेगळी होती हेही खरं. पण कायद्याचा हा फरकही होताच.

परक्या देशात पोहोचलं की सुटलो, असंही नव्हतं. जुलै १९१०मध्ये वि. दा. सावरकरांना कैदी म्हणून जहाजाने भारतात आणत होते. मार्सेल बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. फ्रेंच जमिनीवर पाय टेकल्यावर त्यांना परत द्यायचं की नाही, हे ठरवायची रीतसर पद्धत होती. पण धक्क्यावरच्या फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि काही मिनिटांत ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. फ्रान्सने नंतर हरकत घेतली, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. फेब्रुवारी १९११मध्ये लवाद म्हणाला की त्यांना सोपवण्यात चूक झाली असली, तरी ब्रिटनवर परत करण्याची जबाबदारी नाही.

यातून त्या काळच्या प्रत्येक परागंदा भारतीयाने एक धडा घेतला असणार. हक्क पुस्तकात असतो, पण पहिली पाच मिनिटं रस्त्यावरच्या पोलिसाची असतात. तेवढ्यात चूक झाली तर मोठं न्यायालयही ती उलटवू शकेलच असं नाही.

नाव बदलून

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर खानखोजे अमेरिका सोडून कॉन्स्टँटिनोपलमार्गे इराणात गेले. वेगळं नाव घेऊन, तिथल्या टोळ्यांबरोबर ब्रिटिशांविरुद्ध लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. युद्धाच्या मैदानात यिक वोचा निकाल चालत नाही. तिथे त्यांना वाचवलं ते लोकांनी आणि स्वतःच्या पायांनी.

पुढे बर्लिन. १९२१मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि इतरांबरोबर मॉस्को. पुन्हा बर्लिन. या काळात त्यांच्या मागे कुठलंच सरकार उभं नव्हतं. परदेशात अडकलेला माणूस मदतीसाठी आपल्या देशाच्या दूतावासात जातो. खानखोजे कुठे जाणार? कागदोपत्री ते ब्रिटिश प्रजाजन. म्हणजे त्यांचा दूतावास ब्रिटिशांचा, आणि ब्रिटिश तर त्यांना शोधत होते. ज्या दाराशी दाद मागायची, त्याच दारामागे पकडायला माणूस बसलेला.

१९२४मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. अमेरिकेत असताना जोडलेले मेक्सिकन मित्र आता कामाला आले.

मक्याची कणसं आणि कलम ३३

मेक्सिको सिटीजवळ चापिंगो इथे राष्ट्रीय कृषी विद्यालय आहे. खानखोजे तिथे प्राध्यापक झाले. मका, गहू, डाळी यांवर त्यांनी संशोधन केलं. थंडीत आणि कमी पाण्यात तग धरणारी वाणं तयार करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेराशी दोस्ती झाली ती याच दिवसांत. टिना मोदोत्ती या इटलीत जन्मलेल्या छायाचित्रकार बाईने त्यांच्या शाळांचे आणि मक्याचे फोटो काढले. १९३६मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जीन सिंडिक यांच्याशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. त्यांतल्या सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं.

वाचायला हे सगळं छान स्थिरस्थावर वाटतं. पण मेक्सिकोच्या १९१७च्या राज्यघटनेत परदेशी माणसासाठी दोन टोकं होती. पहिल्या कलमाने देशात असलेल्या प्रत्येकाला मूलभूत हक्क दिले. कलम ३३ने मात्र राष्ट्राध्यक्षांना अधिकार दिला की नकोशा परदेशी माणसाला ताबडतोब देशाबाहेर काढा, त्याचं म्हणणं ऐकण्याचीही गरज नाही. शिवाय परदेशी माणसाने देशाच्या राजकारणात पडायचं नाही. मेक्सिकोत हे कलम इतकं वापरलं गेलं की नुसता तेहेतीस हा आकडा धमकीसारखा झाला.

फेब्रुवारी १९३०मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष ओर्तिस रुबिओ यांच्यावर शपथविधीच्याच दिवशी गोळीबार झाला. पोलिसांनी परदेशी आणि डाव्या लोकांची धरपकड सुरू केली. टिना मोदोत्तीला अटक झाली आणि थोड्याच दिवसांत देशाबाहेर काढलं. मक्याच्या कणसांचे ते फोटो काढणारी बाई जहाजावर, आणि ज्यांच्या शेतातली कणसं ते चापिंगोत. दोघंही परदेशीच होते.

खानखोजे टिकले. वर्गात शिकवत राहिले, शेतात प्रयोग करत राहिले. पण आपल्या जवळची व्यक्ती एका आदेशावर नाहीशी होते हे त्यांनी बघितलं होतं. परदेशी माणसाला मारहाणीपासून, खोट्या अटकेपासून कायदा वाचवू शकतो. राहण्याची हमी मात्र देत नाही. जगातल्या जवळपास प्रत्येक देशात आजही हीच रेषा आहे.

स्वतःच्याच देशाचा व्हिसा

ब्रिटिशांनी खानखोजेंचं नाव काळ्या यादीत टाकलेलं होतं. त्यामुळे इंग्रजांच्या राज्यात परत येणं शक्यच नव्हतं. १९४७मध्ये राज्य गेलं, पण कार्यालयातल्या फायली तशाच राहिल्या. खानखोजेंनी व्हिसा मागितला तर जुन्या यादीच्या आधारावर नकार आला. ज्या सरकारविरुद्ध लढले म्हणून नाव यादीत गेलं, ते सरकार उरलं नव्हतं. यादी उरली होती.

तो आदेश नंतर मागे घेतला गेला. १९४९मध्ये ते भारतात आले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. इथल्या सरकारला त्यांच्या शेतीच्या ज्ञानाचा उपयोग करून घ्यायचा होता. पुढे १९५५च्या सुमारास ते कायमचे परतले आणि नागपुरात राहिले.

आता मजा बघा. ते पहिल्यांदा परत आले तेव्हा देशात दोन जुने कायदे लागू होते. एक १९३९चा परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा, दुसरा १९४६चा परदेशी नागरिक कायदा. दोन्ही ब्रिटिशांनी केलेले. यांत परदेशी माणसाची नोंद ठेवायचं काम पोलिसांकडे होतं, जिल्ह्यात साधारणपणे पोलीस अधीक्षकाकडे. आणि १९४६च्या कायद्याचं कलम ९ सांगायचं की एखादा माणूस परदेशी आहे की नाही असा वाद झाला, तर आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचं. एरवी आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. इथे उलटं.

आपलं संविधान कुणाचं?

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झालं, आणि इथे तो 'व्यक्ती' शब्द पुन्हा भेटतो. मूलभूत हक्कांचा भाग नीट वाचा. भाषण, सभा, देशात कुठेही फिरणं आणि राहणं हे कलम १९मधले हक्क फक्त नागरिकांना आहेत. पण कायद्यापुढे समानता देणारं कलम १४ आणि जीविताचं व स्वातंत्र्याचं रक्षण करणारं कलम २१ हे 'व्यक्ती'ला आहेत. अटक झाल्यावर कारण सांगणं, वकील घेऊ देणं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं, हे कलम २२ सुद्धा 'व्यक्ती'लाच. अपवाद ठेवला तो शत्रूराष्ट्राच्या नागरिकाचा आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा.

म्हणजे १८१८च्या रेग्युलेशनखाली वर्ध्याच्या मुलाला जे मिळत नव्हतं, ते १९५०नंतर नागपुरात आलेल्या कुठल्याही परदेशी माणसाला मिळालं. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मोजायचं एक माप हेही आहे.

दुसरी बाजूही लगेच दिसली. खानखोजे कायमचे परतले त्याच १९५५ साली सर्वोच्च न्यायालयात हान्स म्युलर या जर्मन माणसाचा खटला गाजला. त्याला देशाबाहेर काढण्याची तयारी म्हणून पश्चिम बंगालमध्ये स्थानबद्ध केलं होतं. न्यायालयाने त्याची याचिका ऐकली, म्हणजे दार उघडं होतं. पण निकाल सरकारच्या बाजूने लागला. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याच्या सरकारच्या अधिकाराला कायद्याने बंधन घातलेलं नाही, असं न्यायालयाने सांगितलं. १९९१मध्ये लुई द राएट या बेल्जियन मिशनऱ्याच्या प्रकरणात हेच पुन्हा झालं. हा माणूस १९३७पासून भारतात राहत होता. जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आहे, पण इथे स्थायिक होण्याचा हक्क नाही, असा निकाल आला.

आणि २०००मध्ये आलेला एक निकाल प्रत्येकाला माहीत हवा. हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर रेल्वे कर्मचाऱ्यांनी सामूहिक अत्याचार केला. कलकत्त्याच्या वकील चंद्रिमा दास कोर्टात गेल्या. रेल्वेचा एक युक्तिवाद असा की ती महिला भारतीय नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो उडवून लावला. कलम २१ तिलाही आहे म्हणत दहा लाखांची भरपाई कायम ठेवली.

तेव्हाचा दूतावास, आताचा दूतावास

बर्लिनच्या दिवसांत खानखोजेंना जायला दूतावास नव्हता, ही गोष्ट मघाशी आली. १९६३मध्ये, ते नागपुरात असतानाच, व्हिएन्नामध्ये वाणिज्य दूतावासांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं कलम ३६ सांगतं की परदेशी माणसाला अटक झाली, तर आपल्या दूतावासाला कळवायचा त्याचा हक्क आहे, हे पोलिसांनी त्याला विनाविलंब सांगायचं. त्याने मागणी केली तर दूतावासाला कळवायचं. कळवायचं की नाही, हे अटक झालेल्या माणसाने ठरवायचं. आपल्याच सरकारपासून पळालेल्या माणसासाठी ही छोटी सोय किती मोठी आहे, हे खानखोजेंकडे बघितल्यावर कळतं.

हा करार आपल्याकडे सगळ्यात जास्त चर्चेत आला तो कुलभूषण जाधव यांच्यामुळे. हे निवृत्त नौदल अधिकारी महाराष्ट्रातले. २०१६मध्ये पाकिस्तानने त्यांना अटक केल्याचं जाहीर केलं, लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली, आणि भारतीय अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. जुलै २०१९मध्ये निकाल आला की पाकिस्तानने कलम ३६चा भंग केला आहे आणि शिक्षेचा फेरविचार करावा. १९११मध्ये हेगमधून एका मराठी कैद्याच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. २०१९मध्ये निदान फाशी थांबली.

पुतळा आणि कायदा

२०२२मध्ये चापिंगोला खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झालं. ज्या देशाने व्हिसा नाकारला होता, त्याच देशाच्या लोकसभेचा अध्यक्ष तिथे अनावरणाला गेला. उशिरा का होईना, झालं.

त्यानंतर तीन वर्षांनी आपल्या कायद्यातही बदल झाला. १९३९ आणि १९४६चे ते दोन्ही जुने कायदे रद्द होऊन इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा २०२५ आला, आणि १ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला. नोंदणी आता बरीचशी ऑनलाइन होते. हॉटेल, हॉस्पिटल, विद्यापीठ आणि कॉलेज यांनी आपल्याकडच्या परदेशी व्यक्तीची माहिती कळवायची आहे. व्हिसाची मुदत संपूनही राहिलात तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं अजूनही त्या माणसाच्याच डोक्यावर आहे. काळ्या यादीचा अधिकारही सरकारकडे आहेच.

म्हणून कायदा नवा झाला तरी खानखोजेंचा प्रश्न जुना झालेला नाही. यादीत नाव चुकून राहिलं असेल, किंवा सरकार बदललं तरी पुसलं गेलं नसेल, तर दाद कुठे मागायची? त्यांच्यासाठी कुणीतरी फाईल उघडली, कुणीतरी आदेश फिरवला. चापिंगोचा प्राध्यापक असल्यामुळे त्यांची ओळख होती. ज्याची ओळख नाही त्याला पहिली पाच मिनिटं पार पाडायला फक्त माहितीच असते.

चौकट: पोलिसांशी गाठ पडली तर

*तुमच्या होस्टेलमधल्या परदेशी मित्रासाठी (भारतात)*

- पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत कायम जवळ ठेवायची. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आलेल्याने आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. पत्ता बदलला तर कळवायचं.
- घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत कळवायची असते. ही जबाबदारी मालकाची आहे. तरी कळवली का, हे मित्राने विचारून घ्यावं.
- पोलिसांनी कागद मागितले तर दाखवायचे. वाद घालायचा नाही, पळायचं तर अजिबात नाही.
- अटक झाली तर कारण विचारायचा, वकील मागायचा, जवळच्या माणसाला कळवायचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलंच पाहिजे. पैसे नसतील तर कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.
- दूतावासाला कळवायचं की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचं.
- जी भाषा कळत नाही त्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही. आधी समजावून मागायचं.

*तुम्ही परदेशात असाल तर*

- विमानात बसायच्या आधी त्या शहरासाठीच्या भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा नंबर मोबाइलमध्ये आणि एका कागदावरही लिहून ठेवा. अटकेत मोबाइल हातात राहत नाही.
- अटक झाली तर स्पष्ट सांगा की मी भारतीय आहे आणि मला माझ्या दूतावासाशी बोलायचं आहे.
- व्हिसाची मुदत आणि कामाच्या तासांची मर्यादा पाळा. पोलिसांसमोर तुमचे हक्क शाबूत असतात, राहण्याची परवानगी मात्र असल्या चुकीने जाते.
- तिथल्या मित्राला पोलिसांनी थांबवलं तर वेळ, ठिकाण आणि पोलीस ठाण्याचं नाव लगेच लिहून ठेवा. वकिलाला सगळ्यात आधी तेच लागतं.